पोतनीस साहेबांचा शिनो

पोतनीस साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी कप उलटा करून बघायचे. भरलेला असला तर डोक्याच्या वर धरून खालून बघायचे. आमच्या स्टोअरकीपरच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी असाच कप वर धरला आणि अर्धा चहा स्वतःच्या पांढऱ्या कोटावर घेतला. वरपक्षाची मंडळी बघत राहिली. साहेबांनी कोट झटकलासुद्धा नाही. म्हणाले, "बुडाचा ग्लेज नीट पुसलेला नाही. भट्टीत फळीला चिकटला होता. हा बघा ओरखडा."

वरपिता म्हणाले, "अहो, कप भाड्याचे आहेत."

"तरी पण," साहेब म्हणाले.

हे 'तरी पण' त्यांच्या तोंडी सारखं असे. पाऊस आहे, कोळसा ओला आहे, भट्टी आज लागणार नाही, असं कुणी सांगितलं की 'तरी पण'. त्याच्यापुढे वाक्य नसे. पुढचं आम्ही करायचं.

उज्जैनला फ्रीगंजच्या शेवटाला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, चिनीमातीचं एक छोटं सरकारी केंद्र होतं. ग्वाल्हेर दरबाराने काढलेलं. लोणच्याच्या बरण्या, विजेच्या तारांना लागणारे पांढरे गट्टू आणि कपबश्या एवढाच माल. पोतनीस साहेब तिथले ग्लेजचे जाणकार. ग्लेज म्हणजे भांड्यावरची काच. दगडाची पूड पाण्यात कालवायची, भाजलेलं कच्चं भांडं त्यात बुडवायचं आणि मोठ्या आचेच्या भट्टीत घालायचं. पूड वितळून काच होते. ऐकायला सोपं आहे. मी आठ वर्षं केलं, म्हणून सांगते, सोपं नाही.

मी तिथे लागले तेव्हा मॅट्रिक होते, लग्न झालेलं होतं आणि नवरा रेल्वेत होता. मुलाखतीला पाच जण होते, बाई मी एकटीच. साहेबांनी प्रत्येकाला वीस ग्रॅम मीठ तोलायला सांगितलं. मी तराजूचं पारडं बघितलं. त्यावर जुनी पूड होती. मी म्हणाले, "साहेब, हे पारडं आधी पुसायला हवं. आणि चमचाही धुतलेला नाही."

ते म्हणाले, "उद्यापासून या."

माझी टापटीप त्यांना आवडली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ग्लेजच्या बादल्या दाखवल्या. "बाई, चक्कीतून ग्लेज आला की रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वर नितळ पाणी येतं. ते हलक्या हाताने काढून टाकायचं. मग खालचा ग्लेज ढवळायचा आणि भांडी बुडवायची. वरचं पाणी ठेवलंत तर ग्लेज पातळ होतो, भांड्यावर बसत नाही." मी मान डोलावली. तेव्हापासून रोज सकाळी आल्याबरोबर माझं पहिलं काम वरचं पाणी फेकण्याचं. कामावर आले आणि हे चुकलं, असं आठ वर्षांत झालं नाही.

साहेबांचं घराणं शिंद्यांच्या कारभारातलं, कित्येक पिढ्या माळव्यात. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायचे आणि परत यायचे. दरबाराने त्यांना तरुणपणी जपानला पाठवलं होतं, गट्टू करायला शिकून या म्हणून. ते गट्टू शिकले आणि एका म्हाताऱ्या उस्तादाकडे शिनो बघून आले. शिनो हा तिथला फार जुना ग्लेज. जाड, पांढरा, सायीसारखा. वर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. आणि जिथे पातळ लागला असेल तिथे, काठाला, मंद आचेवर परतलेल्या खव्यासारखा केशरी. उस्तादाने त्यांना एक वाटी दिली होती. ती त्यांच्या टेबलावर असायची. तिच्यात पाणी पिण्याची कुणाला परवानगी नव्हती, हातात घेऊन बघायची सगळ्यांना होती.

शिनोची कृती एका वहीत होती. ती वही लढाईच्या काळात गेली. जपानशी युद्ध सुरू झालं आणि कुणीतरी चुगली केली की पोतनीसांकडे जपानी लिपीतले कागद आहेत. दोन शिपाई येऊन वही घेऊन गेले. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि जाताना म्हणाले, "पान एकोणतीस दुमडू नका."

स्वातंत्र्य आलं तसा साहेबांनी वही परत मिळावी म्हणून अर्ज केला. तोवर ग्वाल्हेर सरकार राहिलं नव्हतं, मध्य भारत झाला होता. मध्य भारताला राजधान्या दोन. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. साहेबांची फाइलही सरकारबरोबर प्रवास करायची. इंदूरला विचारलं की कळायचं, फाइल ग्वाल्हेरला गेली. ग्वाल्हेरला लिहावं तर उत्तर यायचं, सध्या कार्यालय इंदुरी आहे. साहेब हसून म्हणायचे, "माझ्या वहीला हवा मानवते बघा. थंडी तिकडे, गरमी इकडे." पुढे पुढे हसत नसत. शेवटचं उत्तर आलं ते असं की विषय पूर्वीच्या शासनाचा असल्याने या कार्यालयास काही करता येत नाही.

मग साहेब आठवणीवरून शिनो करायला बसले.

केंद्रात तो कुणालाच नको होता. बरण्या आणि गट्टू यांचा पांढरा ग्लेज नेमाने निघत होता. पण साहेबांनी बरण्यांच्या प्रत्येक भट्टीत एका कोपऱ्यात चकत्या लावायला सुरुवात केली. चकती म्हणजे बिस्किटाएवढा मातीचा तुकडा. त्यावर रात्रभर बसवलेलं एकेक मिश्रण लावायचं, मागे नंबर घालायचा, आणि तोच नंबर माझ्या रजिस्टरात. आपल्याकडचा फेल्स्पार, म्हणजे ज्याची काच होते तो दगड, जपानच्या दगडापेक्षा चिवट. वितळायचाच नाही. शंभर चकत्या झाल्या तरी भिंतीच्या चुन्यासारख्या कोरड्या निघत होत्या. वितळायला मदत करणारी काचेची भुकटी बाहेरून यायची, ती खात्याने बंद केली.

"तरी पण," साहेब म्हणाले, आणि एक दिवस मला घेऊन घड्याळाच्या टावरजवळच्या किराणा दुकानात गेले. पापडखार मागितला. पाच शेर.

दुकानदार म्हणाला, "साब, इतने पापड कौन खाएगा?"

"भट्टी खाएगी," साहेब म्हणाले.

पापडखार हा सोड्याचाच भाऊ. दगडात मिसळला की दगड लवकर वितळतो, असं त्यांचं गणित. गणित बरोबर होतं. पण चकत्या तशाच कोरड्या. साहेब खार वाढवत गेले, दोन भाग, तीन भाग, पाच भाग. काही फरक नाही. भट्टीवाला भेरूलाल हा कुंभाराच्या घरचा. आच डोळ्यांनी ओळखायचा. चकत्या बाहेर काढताना म्हणायचा, "साब, यो तो दही भी नी जम्यो." सगळे हसायचे. साहेबही हसायचे आणि चकती खिशात टाकून घरी न्यायचे.

आणि एका हिवाळ्यात चकती नंबर दोनशे चौदा निघाली.

मी भावाच्या लग्नाला चार दिवस इंदूरला गेले होते. परत आले तर साहेब फाटकाशी उभे. कधी उभे राहत नसत. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर ती चकती. जाड पांढरी साय, टोचल्यासारखी भोकं आणि कडेला केशरी. त्यांनी टेबलावरची जपानी वाटी आणली आणि चकती तिच्याजवळ धरली. भेरूलाल दोन्हींकडे बघून म्हणाला, "साब, एक ही माँ की दिखे."

त्या दिवशी दुपारचा डबा साहेबांनी उघडलाच नाही.

होळीच्या सुमारास दिल्लीहून हस्तकलेचं काम बघणाऱ्या एक बाई आल्या. आमच्या खात्याचे मोठे अधिकारी त्यांच्यासोबत. त्या दिवसांत राज्यांची पुनर्रचना ठरली होती, मध्य भारत मोडून भोपाळला नवी राजधानी होणार होती, आणि आमच्यासारखी लहान केंद्रं बंद करायची यादी तयार होत होती. आमचं नाव यादीत होतं हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही अठरा माणसं होतो.

अधिकाऱ्यांनी चकती बघितली आणि म्हणाले, "पोतनीस साहब, यह तो फटा हुआ दूध है। और छेद भी हैं।"

बाईंनी मात्र ती चकती खाली ठेवली नाही. सबंध केंद्र फिरून झालं तरी त्यांच्या हातातच. जाताना म्हणाल्या, "ऐसी बारह कटोरियाँ बना दीजिए। एक जैसी। दशहरे तक। मैं लिख दूँगी कि तब तक इस केंद्र को न छेड़ा जाए।" आणि त्यांनी खरंच तसं पत्र लिहिलं.

बारा वाट्या. आमच्या अठरा जणांच्या नोकऱ्या त्या बारा वाट्यांवर आल्या.

साहेबांनी दोनशे चौदाचं मिश्रण रजिस्टरातून काढलं. तोच दगड, तीच माती, तोच खार, तेच वजन. मी तोललं आणि त्यांनी पुन्हा तोललं. बारा वाट्यांचं काम म्हणून मी जास्तच काळजी घेतली. ग्लेज दोन रात्री बसू दिला. वरचं पाणी फेकलं, ताजं पाणी घातलं, पुन्हा बसवून पुन्हा फेकलं. इतका स्वच्छ ग्लेज मी कधी केला नव्हता.

वाट्या कोरड्या निघाल्या. चुन्यासारख्या.

दुसरी भट्टी. तशाच. साहेबांनी दगड बदलून बघितला, मग जुना परत आणला. तिसरी लावली तेव्हा पाऊस सुरू झाला, म्हणून दमटपणावर ठपका आला. चौथीला कोळशावर. पाचव्या भट्टीनंतर साहेबांनी, ज्यांना कुणाशी कधी आवाज चढवून बोलताना मी ऐकलं नव्हतं, सगळ्यांसमोर भेरूलालला झाडलं. "आच तुला कळत नाही तर कळते म्हणून कशाला सांगतोस? सुरुवातीला धूर कमी दिलास. दोनशे चौदाच्या दिवशी काय केलं होतंस ते आठव!"

भेरूलाल पंचावन्न वर्षांचा. मान खाली घालून म्हणाला, "जो रोज करूँ वोही करयो थो, साब."

"तर मग रोज का होत नाही?"

भेरूलाल उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून कामाला यायचा, भट्टी लावायचा, पण आमच्याजवळ चहाला बसायचा बंद झाला. साहेबांना ते दिसत होतं. ते स्वतःचा कप घेऊन दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे.

सहाव्या आणि सातव्या भट्टीचं वेगळं काही सांगण्यासारखं नाही. दसरा आला. दिल्लीच्या बाईंना कळवावं लागलं की वाट्या झाल्या नाहीत. त्यांचं उत्तर सभ्य होतं. आठवड्याभरात खात्याचा हुकूम आला. केंद्र बंद. माणसं इकडेतिकडे सामावून घेणार. पोतनीस साहेबांची नेमणूक भोपाळला, एका कचेरीत, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या नोंदी तपासायला. हुकूम वाचून ते म्हणाले, "ठीक आहे." 'तरी पण' म्हणाले नाहीत. मला ते खटकलं, पण करायचं काय?

आमच्या घरी तेव्हा नणंदेचं लग्न ठरलं होतं. दिवाळीआधी आश्विनातलं कडक ऊन मिळालं म्हणून सासूबाईंनी उडदाचे पापड काढले. मला रजा होतीच. त्यांनी पापडखार पाण्यात उकळून आदल्या दिवशी ठेवला होता. सकाळी मी पातेलं उचललं आणि सवयीने वरचं पाणी मोरीत ओतायला लागले.

सासूबाई ओरडल्या, "अगं, काय करतेस! वरचं पाणीच तर पाहिजे! खार त्यात उतरलेला असतो. खालचा गाळ फेकायचा. लहानपणापासून पापड लाटतेस ना?"

लाटत होते. आठ वर्षांची होते तेव्हापासून. खार पाण्यात उतरतो, वरच्या नितळ पाण्यात पीठ भिजवायचं, हे आईने मला कधी शिकवावंही लागलं नव्हतं, इतकं ते माहीत होतं. आणि तोच पापडखार केंद्रात बादलीत घातला की मी वरचं पाणी रोज सकाळी मोरीत ओतत होते. खार घातला जात होता आणि मी फेकत होते. साहेब वाढवत होते आणि मी फेकत होते.

मी हात धुतले आणि तशीच केंद्रावर गेले. रजिस्टर काढलं. दोनशे चौदाच्या ओळीत 'मिश्रण' आणि 'बुडवणी' या दोन्ही खणांत पोतनीस अशी सही होती, आणि तारीख एकच. मी इंदूरला होते. त्यांनी सकाळी कालवून दुपारीच, बसू न देता, बुडवलं होतं. पाणी फेकायला मी नव्हते.

साहेब घरी सामान बांधत होते. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हातातला सुतळीचा गुंडा खाली ठेवला.

"पाणी रोज फेकायला तुम्हाला कुणी सांगितलं, बाई?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी."

"हो," ते म्हणाले. "मीच." मग बांधलेल्या ट्रंकेवर बसले. "आमच्या कुठल्याच ग्लेजात विरघळणारं काही नसतं हो. तीस वर्षांत नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "कोण आहे? चहा टाकू का?" साहेबांनी चपला पायात घातल्या.

त्याच पावली आम्ही भेरूलालकडे गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता. साहेबांना बघून उठला. साहेब म्हणाले, "भेरूलाल, ग़लती तुम्हारी नहीं थी।"

"वो तो म्हने मालम थो, साब."

"ग्लेज में खोट थी। हमारे हाथ से।"

भेरूलालने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि आत आवाज दिला, "चाय लाव." साहेब खाटेवर बसले. कप कुठलाच उलटा करून बघितला नाही. निम्मा चहा झाल्यावर म्हणाले, "एक भट्टी लगा सकते हैं? सिर्फ़ एक।"

"कोयलो तो काल ही उठी ग्यो, साब. रेलवाला ले ग्या. चिमनी में भी ईंट लगई दी." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हारा आवा में रख दो. मटका साथे."

आव्याची आच किती असते हे साहेबांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? मडकी भाजतात, दगड वितळत नाही. शिनोला लागते त्याच्या जेमतेम अर्ध्यापर्यंत जाते. भेरूलाललाही ते माहीत होतं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "देखेंगे" म्हणाले.

तरीही आम्ही वाट्या बुडवल्या. किल्ली अजून माझ्याकडे होती. भंडारातल्या एकदा भाजलेल्या बारा कोऱ्या वाट्या, उरलेला दगड, उरलेली माती, सासूबाईंच्या डब्यातला खार. साहेबांनी कालवलं आणि वरचं पाणी जिथल्या तिथे ठेवलं. सारखे ढवळत राहिले, एकेक वाटी चिमट्यात धरून बुडवत गेले आणि मनात आकडे मोजत गेले. बारा वाट्या फळीवर ओळीने. न भाजलेला ग्लेज म्हणजे नुसती पूड. बोट लागलं तरी निघते. पेंढ्यात बांधता येत नाही, एकावर एक ठेवता येत नाही. भोपाळला कुठे मोठ्या आचेची भट्टी आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "अजून तरी नाही. नवी राजधानी आहे, कुणीतरी काढेल." ते त्यांना खरं वाटत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी खात्याचा ट्रक आला आणि माल उचलून गेला. नऊ वाट्या बरण्यांबरोबर गेल्या. मी हरकत घेतली. माणूस म्हणाला, "बाई, यादी में कटोरी लिखा है, कटोरी जाएगी।" तीन तेवढ्या साहेबांनी आदल्या संध्याकाळी घरी नेल्या होत्या.

नवं राज्य होऊन दोन-चार दिवस झाले असतील. मी आणि माझे यजमान त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. बायको आणि सामान आधीच पुढे गेलं होतं. भोपाळच्या गाडीला मरणाची गर्दी. बदल्या झालेले सगळे बाबू बिस्तरे, ट्रंका, कुकर, पोरंबाळं घेऊन चढत होते. साहेबांच्या हातात एक लाकडी पाटी होती, तिच्यावर तीन वाट्या, प्रत्येकीमध्ये चार बोटांचं अंतर. वर काही झाकलेलं नव्हतं, कारण झाकण ग्लेजला घासलं असतं. हमाल म्हणाला, "लाओ साब, ऊपर रख दूँ।" साहेबांनी मान हलवली. आत एका जाड्या गृहस्थाने सरकून जागा दिली. "बैठिए ना, गोद में रख लीजिए।" गाडी हलली की मांडी हलते. साहेब बसले नाहीत.

यजमानांनी खिडकीतून नमस्कार केला. साहेबांचे दोन्ही हात पाटीला होते, म्हणून त्यांनी नुसती मान झुकवली आणि लगेच पाटीकडे बघितलं. मी म्हणाले, "साहेब, पत्र पाठवा. शिनो नीट निघाला की कळवा."

"कळवीन, बाई."

शिट्टी झाली. गाडीने धक्का दिला, माणसं एकमेकांवर रेलली, कुणाची ट्रंक घसरली. साहेब पाय फाकवून, कोपरं अंगाशी घट्ट धरून उभे होते. पाटी हलली नाही. फलाट संपेपर्यंत मला ते दिसत होते. डबाभर माणसं बसली होती, आणि ते एकटे उभे होते.